गव्हाणीतली पेशी

साखर कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली की बारामती-इंदापुरात हंगाम सुरू झाला म्हणायचं. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. कारखाना कुठलाही असो, पुढचे चार-पाच महिने रात्रंदिवस एकच काम चालतं. आपण त्याला उसाचं गाळप म्हणतो. बारकाईनं पाहिलं तर ते पेशी फोडण्याचं काम आहे.

शाळेच्या पुस्तकात पेशीची दोन चित्रं शेजारी शेजारी असतात. वनस्पतीची चौकोनी, प्राण्याची गोल. खाली प्रश्न: फरक स्पष्ट करा. भित्तिका आहे, भित्तिका नाही. हरितलवक आहे, हरितलवक नाही. रिक्तिका मोठी, रिक्तिका लहान. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि शाळेबाहेर येऊन उसाच्या ट्रॉलीमागं धावत एखादं कांडं ओढून काढतात. त्या कांड्यातच सगळं प्रात्यक्षिक असतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

पेर आडवं कापून पाहा. पांढरट गरात बारीक ठिपके दिसतात. ते पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे. ठिपक्यांच्या मधला जो रसाळ भाग, तो पातळ भिंतीच्या पेशींचा. अशा प्रत्येक पेशीत जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेनं अडवलेली असते. पानात उन्हाच्या बळावर तयार झालेली साखर खाली उतरते आणि या रिक्तिकांत साठत जाते. बुडख्याकडची पेरं आधी पक्व होतात, शेंडा कच्चाच राहतो. म्हणून तोडणारा कोयत्यानं शेंडा उडवतो आणि बुडखा मात्र जमिनीलगत घेतो. दातानं कांडं चावताना आधी जे कडक लागतं ती भिंत, आणि मग जो गोडवा तोंडभर सुटतो ती फुटलेली रिक्तिका.

कारखान्यात हेच काम दातांऐवजी कटर, फायबरायझर आणि दात्यांचे रोलर करतात. शंभरातल्या किती पेशी फुटल्या याचं तिथं मोजमाप आहे, त्याला प्रिपरेटरी इंडेक्स म्हणतात. तो पंच्याऐंशीच्या पुढं गेला की केमिस्टला बरं वाटतं. न फुटलेली पेशी साखर सोडत नाही. चिपाडावर पाणी मारून पुन्हा पिळलं तरी तिच्यातली साखर बाहेर येईलच असं नाही. शंभर किलो उसामागं अठ्ठावीस-तीस किलो बगॅस उरतो. पाणी वगळलं तर तो मुख्यतः या भिंतींचाच. तो बॉयलरमध्ये जळतो. पेशीच्या आतलं पोत्यात जातं, बाहेरचं आगीत.

भिंत वनस्पतीला लागते कशाला? पेशी पाणी ओढते, आतलं पटल फुगतं, आणि बाहेरची भित्तिका त्याला आवरून धरते. सायकलची ट्यूब टायरमुळं जशी फुटत नाही आणि टणकही राहते, तसंच. दुपारच्या उन्हात पाण्याचा दाब उतरला की पान मान टाकतं. मात्र हे पाणी आत यायला बाहेरच्या पाण्यात क्षार कमी हवेत. नीरेच्या कालव्याखाली वर्षानुवर्षं पाट सोडून ज्या जमिनी क्षारपड झाल्या, तिथं हे उलटतं. मातीत ओल असते आणि मुळाची पेशी तहानलेली. माळेगाव खुर्दला २००९ पासून क्षारांसारख्या अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे. ताण हा शब्द तिथं मनाचा नाही, पिकाच्या पेशीचा आहे.

प्राण्याच्या पेशीला ही भिंत नाही. तांबडी रक्तपेशी नुसत्या पाण्यात टाकली तर ती फुगून फुटते. पण भिंत नाही म्हणूनच ती आकार बदलू शकते, अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून जाऊ शकते. गाडीला जुंपलेल्या बैलाचा खांदा आणि कोयता उगारणारा हात ताणतात आणि आखडतात, ते त्यांच्या पेशी भिंतींत कोंडलेल्या नाहीत म्हणून.

उडवलेल्या शेंड्याचं वाढं त्याच बैलापुढं पडतं. माणसाला वाढं खाऊन काही मिळणार नाही. भिंतीतलं सेल्युलोज पचवणारं विकर आपल्याकडं नाही. गंमत म्हणजे बैलाकडंही नाही, गाईकडंही नाही. ते असतं त्यांच्या मोठ्या पोटातल्या जिवाणूंकडं. कारखान्याला जी भिंत पिळून जाळावी लागते, ती गाय रवंथ करत, जिवाणूंच्या हवाली करून पचवते आणि तिचं दूध होतं. एवढंच की वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते जनावराचं कॅल्शियम अडकवून ठेवतं. म्हणून जाणते लोक वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात.

फरकांच्या त्या यादीमुळं एक सारखेपणा मात्र मुलांच्या लक्षात राहत नाही. पेशीला बळ पुरवणाऱ्या तंतुकणिका दोन्हींकडं असतात. साखर जाळून बळ मिळवणं उसालाही करावं लागतं, माणसालाही. ऊस तुटला तरी त्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. काट्यापुढं ट्रॉल्यांची रांग लागली की आतला ऊस स्वतःचीच साखर खात बसतो, पाणीही गमावतो, आणि ती घट शेतकऱ्याच्या वजनात आणि कारखान्याच्या उताऱ्यात दिसते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळा, हा आग्रह त्यासाठीच. आणि फडात सकाळी सकाळी गोड चहा पिऊन वाकलेला तोडकरी त्याच साखरेवर पुढचा ऊस तोडतो.

स्वतःची प्रत काढण्यात मात्र दोन्ही पेशींत मोठं अंतर आहे. स्कॉटलंडमध्ये ५ जुलै १९९६ रोजी डॉली मेंढी जन्मली. एका मेंढीच्या कासेतल्या पेशीचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात घालून ती घडवली होती. पुढच्या वर्षी बातमी बाहेर आली तेव्हा जगभर गहजब झाला. डॉली जन्मली त्याच वर्षी नीरेपलीकडच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून को ८६०३२ हे वाण महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं, आणि बारामती-इंदापूरचे शेतकरी कोयत्यानं टिपऱ्या तोडून त्याच्या अगणित हुबेहूब प्रती लावत सुटले. एका डोळ्यातून अख्खं बेट उभं राहतं. प्राण्याच्या पेशीला जे इतक्या खटपटीनं जमलं, ते उसाच्या डोळ्याला रोजचंच.

हुबेहूब प्रत म्हणजे रोगाचीही प्रत, हे मात्र विसरून चालत नाही. गवताळ वाढीचा रोग आणणारा फायटोप्लाझ्मा हा भित्तिका नसलेला जीव. तो उसाच्या अन्न वाहणाऱ्या पेशींत, दुसऱ्याच्या भिंतीआड राहतो आणि टिपरीबरोबर पुढच्या शेतात जातो. बाहेरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून बेण्याला ५४ अंशांची उष्ण बाष्प प्रक्रिया करतात, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शेंड्याच्या टोकावरच्या अगदी कोवळ्या पेशींपासून काचेच्या बाटलीत रोपं वाढवतात, आणि घरचंच बेणं वर्षानुवर्षं न वापरता तीन वर्षांनी बदला म्हणून सांगतात. यंदा लागण करायची असेल, तर बेणेमळा आत्ताच फिरून बघा. गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे दिसले की ते बेट मुळासकट काढून टाका. त्या बेटातली एकही टिपरी बेण्यात येता कामा नये.