न लागलेली लाट

यवतमाळला समुद्र नाही. लाट म्हटली की आम्हांला आठवते ती उन्हाची, फार तर थंडीची. त्यामुळे १५ जानेवारी २०२२ च्या रात्री नवाच्या सुमारास एक निराळीच लाट आमच्या घरावरून गेली, हे मला पुढे वाचूनच कळले.

त्या दिवशी संक्रांतीची कर होती. उरलेला तिळगूळ खात आम्ही घरात गप्पा मारीत बसलो होतो. सकाळी पावणेदहाच्या सुमारास, तिकडे प्रशांत महासागरात, टोंगा बेटांजवळचा ज्वालामुखी फुटला होता. त्याचा हवेला बसलेला धक्का ताशी अकराशे किलोमीटरांच्या वेगाने साऱ्या पृथ्वीवर पसरला. बारा हजार किलोमीटर ओलांडून तो इथे आला, तेव्हा देवापुढच्या समईची ज्योतही हलली नाही. ठिकठिकाणच्या वायुभारमापकांनी मात्र तो टिपला. १८८३ साली क्राकाटोआ फुटला, तेव्हाही मुंबईच्या वायुभारमापकावर अशीच खूण उमटली होती.

टोंगाच्या त्याच स्फोटाने उसळलेल्या समुद्रात, दहा हजार किलोमीटरांवरच्या पेरूच्या किनाऱ्यावर दोन स्त्रिया बुडाल्या.

हे वाचून मनात पहिला विचार आला, ‘आपल्याला काय त्याचे?’ मग दृष्टी परसातल्या काळ्या मातीकडे गेली. हिच्यातल्या कापसावर आमच्या घरच्या तीन पिढ्या शिकल्या. आणि ही माती तरी कशाची? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या लाव्ह्याच्या खडकाची झीज! आगीचे देणे घेताना एवढा काळ आड आला नाही. मग तिने दिलेले दुःख आपले म्हणताना अंतर का आड यावे?

जगातल्या प्रत्येक दुःखासाठी रडत बसावे, असे मी म्हणत नाही. तसा रडणारा शेजाऱ्याच्याही उपयोगी पडत नाही. वायुभारमापक कोणाला वाचवीत नाही. लाट इथूनही गेली, एवढे खरे तो सांगतो. आपण वाचलो ते पुण्याईने नव्हे, दूर होतो म्हणून. हे ज्याला उमगले, त्याचा हात जवळच्या बुडणाऱ्याकडे थोडा लवकर पुढे होतो, एवढाच माझा अनुभव.

परवा पणत्या लावताना नात म्हणाली, “आजोबा, आज वारा नाही ना?”

“आपल्याला लागत नाही, एवढेच,” मी म्हटले.