दोन वजने

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो आणि घरोघरी मासळी शिजते. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या बाजारांत आता सुरमई-बोंबलांच्या शेजारी रोहू, कटला, रूपचंद आणि व्हॅनामाई कोळंबीही दिसते. ही मासळी तळ्यांत वाढवलेली असते, आणि बरीचशी आंध्र प्रदेशातून बर्फात येते. पापलेट-सुरमईचे भाव आवाक्याबाहेर गेले, तेव्हा याच मासळीने साध्या कुटुंबांना आधार दिला. म्हणून ती खाऊ नका, असे आम्ही सांगत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे.

तळ्यात मासळी दाटीने वाढते. रोग शिरला की आठवड्याभरात तळे रिकामे होते, डोक्यावर कर्ज मात्र राहते. घाबरलेला शेतकरी मग मिळेल ते औषध पाण्यात ओततो. 1990 च्या दशकाच्या मध्यास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने आपल्या देशातील कोळंबीशेती आडवी झाली. तो रोग विषाणूचा, त्यावर प्रतिजैविके चालतच नाहीत. तरी भीतीपोटी अशी औषधे दिली जातात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना मासळीसाठी बंदी आहे, आणि ती सकारण आहे. पहिल्यामुळे क्वचित एखाद्या माणसाच्या शरीरात रक्त तयार होणेच थांबते. त्याची निर्धोक मात्रा ठरवता आलेली नाही. दुसऱ्याचे अवशेष मांसाला असे चिकटून राहतात, की कालवण कितीही उकळले तरी जात नाहीत.

'एवढ्याशा अंशाने काय होणार?' असे आपण म्हणतो. एका ताटापुरते ते कदाचित खरेही असेल. परंतु तळ्यात वारंवार पडणाऱ्या औषधाला जिवाणू सरावतात आणि ते पाण्यावाटे बाहेर पडतात. उद्या एखाद्या इस्पितळात तापाने फणफणलेल्या बाळाला औषध लागू पडत नाही; त्या बाळाने ती कोळंबी कधी खाल्लेलीही नसते. तेव्हा 'माझे पैसे, माझे ताट' हा हिशेब येथे पुरा पडत नाही. माझ्या ताटात शेजारीही बसलेला असतो.

आता दुसरी बाजू पाहू. युरोपीय संघाने 2016 मध्ये भारतातून येणाऱ्या तळ्यातील मासळीच्या तपासणीचे प्रमाण 10 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेले. परदेशी जाणाऱ्या कोळंबीची काढणीपूर्वीच प्रयोगशाळेत परीक्षा होते. आपल्या बाजारातील पाटीची अशी परीक्षा होताना कोणी पाहिली आहे? जुलै 2018 मध्ये गोव्यात परराज्यांतील मासळीत फॉर्मेलीन असल्याची ओरड झाली, तेव्हा सरकारला काही दिवस बाहेरची मासळी बंद करावी लागली. लोकांनी विचारले, म्हणून हालचाल झाली. पवित्र शास्त्रातील अनुवाद ग्रंथ एकाच थैलीत लहान-मोठी वजने बाळगणाऱ्या व्यापाऱ्याला दोष देतो. परक्यासाठी एक कसोटी आणि घरच्यासाठी दुसरी, हा तोच दोष नव्हे काय?

मात्र सारा दोष शेतकऱ्यावर किंवा पाटी घेऊन बसलेल्या मावशीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. बारमाही, मुबलक आणि स्वस्तच हवे, हा हट्ट आपलाही आहे. दर पाडून मागणारा ग्राहक नकळत त्या औषधाच्या बाटलीचे झाकण उघडत असतो.

मग करावे काय? मावशींना आदराने विचारावे, मासळी कुठली, कोणत्या तळ्याची. चार ग्राहकांनी विचारले की त्या व्यापाऱ्याला विचारतील. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 अन्वये कोणीही ग्राहक विक्रेत्याला खरेदीच्या वेळी कल्पना देऊन, शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकतो. दोष आढळल्यास शुल्क परत मिळते. एका घराला हा खर्च जड जाईल, पण आपल्या एखाद्या वाडीने वा समूहाने मिळून तो उचलावा. आणि खात्रीच्या मासळीला किलोमागे चार पैसे अधिक मोजावे लागले, तर कुरकुर करू नये.

शुक्रवारी मांस सोडणे सोपे आहे. स्वस्ताईचा हट्ट सोडणे कठीण, पण त्या उपवासाचा लाभ शेजाऱ्यालाही होतो.