आशा आणि आश्वासन

आमच्या परिचयातील एका घरी मध्यंतरी कठीण प्रसंग उभा राहिला. आईला स्तनाचा कर्करोग, आणि तो हाडांपर्यंत पोहोचलेला. आजार समूळ जाणार नाही, परंतु औषधांनी काही काळ त्याला आवर घालता येईल, वेदनाही कमी करता येतील, असे डॉक्टरांनी मुलांना सांगितले. आईला मात्र कोणीच काही बोलले नाही. इतक्यात कोणीतरी 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या सलाईनची वार्ता आणली आणि वाडीचा तुकडा विकण्याची भाषा सुरू झाली. "करून पाहायला काय हरकत आहे, तुम्हीच सांगा," थोरल्याने आम्हांला विचारले.

हा उपाय कोणा भोंदूच्या डोक्यातून निघालेला नाही. लायनस पॉलिंग हे दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी. १९५४चे रसायनशास्त्राचे आणि १९६२चे शांततेचे. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक युअन कॅमेरॉन यांच्यासह त्यांनी १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. निरोगी माणसाला रोज १०० मिलिग्रॅमहूनही कमी 'क' जीवनसत्त्व पुरते. कॅमेरॉन यांनी कर्करोगाच्या १०० असाध्य रुग्णांना रोज सुमारे १० ग्रॅम दिले. हे रुग्ण इतरांपेक्षा सरासरी चौपट जगले, असे निबंधाचे म्हणणे होते. परंतु ही तुलना जुन्या नोंदींतील १००० रुग्णांशी केलेली होती. पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७९ व १९८५ साली चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. खरे औषध कोणाला मिळते, हे रुग्णांना ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. दोन्ही वेळा फरक आढळला नाही. पॉलिंग यांनी या चाचण्यांवर आक्षेप घेतले, पण आपला विश्वास सोडला नाही. त्यांच्या पत्नी एव्हा हेलन जठराच्या कर्करोगाने १९८१ साली गेल्या. १९९४ साली स्वतः पॉलिंगही कर्करोगानेच गेले.

ते खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. आणि म्हणूनच हा प्रश्न नैतिक ठरतो. प्रामाणिक विश्वास म्हणजे सिद्ध झालेले सत्य नव्हे. ज्याला आपण वाचवू पाहतो त्याच्या बाबतीत आपले डोळे निःपक्ष राहत नाहीत. त्या चिठ्ठ्यांमागे ही कबुली आहे. विज्ञानाची ती नम्रताच म्हणावी लागेल.

संशोधन तेथेच थांबले नाही. शिरेतून दिल्यास रक्तातील प्रमाण तोंडाने घेतल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते, हे नंतर कळले. २०२४ साली अमेरिकेतील आयोवा येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. केमोथेरपीच्या जोडीने हे जीवनसत्त्व शिरेतून घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेले. हे आशादायक खरे, पण चाचणी लहान होती आणि रोग वेगळा. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात असा लाभ मोठ्या चाचणीने सिद्ध झालेला नाही. शिवाय मूत्रपिंड अधू असलेल्यांना, तसेच रक्तात जी-सिक्स-पीडी या घटकाची उणीव असलेल्यांना हा उपचार घातक ठरू शकतो.

मग हरकत कशाला घ्यावी? प्रयत्नाला नव्हेच. १९८० साली व्हॅटिकनने दयामरणासंबंधी काढलेल्या घोषणापत्रात, इतर उपाय पुरेसे नसतील तर प्रायोगिक उपचारही घेता येतील आणि अपेक्षित गुण न आल्यास ते थांबवताही येतील, असा विवेक मांडला आहे. मात्र तेथे रुग्णाची संमती अभिप्रेत आहे, आणि जिच्यापासून आजारच लपवला ती संमती कशाला देणार? आशा बाळगण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. आश्वासन विकण्याचा हक्क कोणालाच नाही. चालू उपचार सोडून दुसऱ्या उपायामागे धावणे हे तर धाडसच.

आम्ही थोरल्याला इतकेच म्हणालो, "आधी आईला सांगा."

त्याने सांगितले. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. तुम्हीच रडाल म्हणून गप्प होते." तिने वाडी विकू दिली नाही. चालू औषधे आणि वेदनाशमन तिने स्वीकारले. तिने ते सलाईन मागितले असते, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्हीही मान डोलावली असती. कारण ते दिवस तिचे होते.