सोडण्यासाठी धरलेला मासा

जीव मारला नाही म्हणजे हिंसा झाली नाही, असं आपण सहज बोलून जातो. मुंगी पायाखाली आली नाही, किडा चुलीत गेला नाही, झालं, सुटलो. पण जीव मुद्दाम धरला आणि जिवंत सोडूनही दिला, तर त्याचा हिशेब कसा मांडायचा? धरण्यातून सोडणं वजा केलं की खाली शून्य उरतं का? हा प्रश्न मला प्रवचनात पडला नाही. तो पडला अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, एका तळ्याच्या काठी.

माझी लेक तिथं राहते. दोन वर्षं मी भाद्रपद ते कार्तिक तिच्याकडे होते. मिनेसोटाला दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणतात, तिथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवरही तसं लिहिलेलं असतं. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. आपल्याकडे गावाला जशी वेस, तसं तिथं गावाला तळं. आणि तळं म्हटलं की गळ आलाच. लेकीच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. आम्ही घरात त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांचा जीव बास नावाच्या माशात अडकलेला.

बास हा गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या तिथं दोन जाती, मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ आणि लहान तोंडाचा स्मॉलमाउथ. गळाला लागला की जिवाच्या आकांताने झुंजतो, पाण्याबाहेर उडी घेतो, म्हणून हौशी लोकांचा लाडका. आणि त्याचा खरा मोसम म्हणजे तिथला पानगळीचा काळ. असं का, ते आजोबांनी मला फार छान समजावून सांगितलं. शेवटी मास्तरच ते.

उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात. वर गरम, हलकं पाणी, खाली थंड, जड पाणी, आणि तळाशी प्राणवायू कमी. सप्टेंबर सरला की वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बसायला लागतं. वारा ते ढवळतो. एक दिवस असा येतो की अख्खं तळं वरपासून खालपर्यंत एकाच तापमानाचं होतं आणि प्राणवायू तळाशी पोचतो. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश सेल्सियसला. त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होऊन वर राहतं आणि तिथंच गोठतं. म्हणून बर्फ वर धरतो आणि खाली, चार अंशांच्या आसपासच्या पाण्यात, मासे हिवाळा काढतात. निसर्गाची ही सोय ऐकून मी थक्क झाले. पाण्याचा स्वभाव एवढासा वेगळा असता, तर तळाचा जीव वाचला नसता.

बास थंड रक्ताचा. पाणी गारठलं की त्याचं सगळं अंग मंदावतं. म्हणून त्याआधी तो पोटभर खाऊन घेतो, आपण पावसाळ्याआधी सांडगे-पापडांची बेगमी करतो तसं. सप्टेंबरात तो हिरव्या पाणवनस्पतींत असतो. त्या तपकिरी पडल्या की खडकाळ, उताराच्या कडांकडे सरकतो. नोव्हेंबरात खोल पाण्यात जातो, आणि स्मॉलमाउथ तर मोठमोठ्या घोळक्यांनी एकाच जागी जमतात. भुकेला आणि एका जागी जमलेला, मग धरायला किती सोपा! म्हणूनच मी तिथं असताना नियम असा होता की, सप्टेंबरच्या मध्यापासून स्मॉलमाउथ घरी न्यायचा नाही. गळाला लागला तर सोडून द्यायचा. थंड पाण्यात हा मासा फार सावकाश वाढतो. हातभर मासा दहा वर्षांचाही असू शकतो. एका मोसमात ओरबाडलं तर तळं भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

आजोबा लार्जमाउथसुद्धा घरी नेत नाहीत. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतात, म्हणजे गळ अलगद निघतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून आधी हात ओला करतात. जाळी रबराची. शिशाचं वजन वापरत नाहीत, कारण तळाशी पडलेलं शिसं खड्यांबरोबर गिळून तिथला लून पक्षी विषबाधेने मरतो. मी कांदा-बटाटाही खात नाही हे लेकीकडून कळल्यावर ते मला म्हणाले, "मग आपण दोघं एकाच पंथाचे की! मीही कुणाला मारत नाही."

मी हसले, पण ते वाक्य मनातून जाईना. त्यात भर पडली ती नातीची. ती नऊ वर्षांची. आजोबांनी तिला शनिवारी बोटीत बोलावलं, छोटा गळही देऊ केला. लेक संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. "आई, पाठवू का गं? सोडूनच तर देतात." पोरीच्या डोळ्यांत तर केवढी हौस! नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि "आपल्यात चालत नाही" हे कारण तिथं वाढलेल्या मुलीला पुरत नाही. खरं म्हणजे कुठल्याच मुलीला पुरू नये.

आधी माशाचं काय होतं ते बघू या. २००३ साली ब्रिटनमध्ये लीन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यात, ओठांच्या आसपास, वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असल्याचं दाखवून दिलं. ओठात झोंबणारा द्रव टोचला तर मासे खाणं सोडत, काही तर तळच्या खड्यांवर ओठ घासत. १९९२ साली कॅनडातल्या दोन शास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी ट्राउट मासे पळवून पळवून दमवले. त्यांतले जे पाण्यातच राहिले, त्यांच्यातले १२ टक्के मेले. अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के आणि पूर्ण मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के मेले. बास ट्राउटहून काटक, आणि आजोबांसारख्या सावध हातातून सुटलेले बहुतेक मासे जगतात, हेही खरं. पण एक फोटो काढायला मिनिट किती पटकन जातं, ते आपल्याला ठाऊक आहे. शिवाय खोल पाण्यातून झटकन वर ओढला तर माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि सोडल्यावर त्याला खाली जाताच येत नाही. म्हणजे जिवंत सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही, आणि जगतो तोही काहीतरी सोसून जगतो.

गंमत म्हणजे याच गोष्टीकडे जर्मनी अगदी उलट बाजूने बघते. तिथल्या १९७२ च्या प्राणिसंरक्षण कायद्यात म्हटलंय की, रास्त कारणावाचून प्राण्याला वेदना देऊ नये. खाणं हे तिथं रास्त कारण. केवळ मजेसाठी धरायचं आणि सोडायचं, हे नव्हे. म्हणजे मिनेसोटातले आजोबा म्हणतात, "मी खात नाही म्हणून निर्दोष", आणि जर्मनीचा कायदा म्हणतो, "खाणार नसशील तर धरलासच कशाला?" आपण दोन्ही टोकांना नाही म्हणणारे. तरी दुसऱ्या प्रश्नातलं "कशाला?" मला आपल्या फार जवळचं वाटलं.

आपल्याकडे तर मासा धरून सोडण्याची कथाच आहे. मृगसेन धीवराची. मुनींनी त्याला सगळी हिंसा सोड म्हटलं नाही, कारण त्याचं पोट त्यावरच. जाळ्यात पहिला येईल तो जीव मारू नकोस, एवढंच व्रत दिलं. त्या दिवशी पहिला मासा आला, त्याने खूण म्हणून चिंधी बांधून सोडून दिला. पुन्हा जाळं टाकलं, तर तोच मासा. असा पाच वेळा तोच आला आणि पाच वेळा सुटला. मृगसेन रिकाम्या हाताने घरी गेला. बायकोने दार लावून घेतलं. त्या रात्री सर्पदंशाने तो मेला, आणि पुढच्या जन्मी पाच वेळा मरणातून वाचला. ही कथा आपण फळासाठी सांगतो. मला मात्र तिच्यातलं रिकामं घर दिसतं. मृगसेनाने मासा सोडला तेव्हा त्याचं काहीतरी गेलं, त्या दिवसाचं जेवण गेलं. आजोबा मासा सोडतात तेव्हा त्यांचं काय जातं? त्यांना हवं होतं ते, तो झटका, ती झुंज, ते आधीच मिळालेलं असतं. ज्यातून आपलं काहीच सुटत नाही, त्या सोडण्याला त्याग कसं म्हणायचं?

इ. स. ९५९ मधल्या यशस्तिलकात सोमदेवसूरींनी कोळी आणि शेतकरी अशी जोडी घेतली आहे. दिवसभरात एकही मासा न मिळालेला कोळीसुद्धा पापाचा धनी, आणि नांगराखाली असंख्य जीव मरूनही शेतकरी तसा नाही. फरक मनातल्या ध्यासाचा. कोळ्याच्या मनात सारा वेळ मासा, शेतकऱ्याच्या मनात धान्य. आजोबांच्या मनात मरण नाही हे मी मान्य करते. पण धरण्याचा ध्यास तर आहे, वर्षभर आहे.

आणि आपल्या आज्यांचं बघा. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुवायचं, आणि त्यात आलेले जीव त्याच विहिरीत नेऊन सोडायचे. वरून फेकायचं नाही, भांडं पाण्याला टेकवून अलगद. आमच्याकडे त्याला जिवाणी म्हणत. वरवर बघितलं तर हेही धरून सोडणंच. पण पाणी प्यायल्यावाचून सुटका नाही, आणि फडक्यात जीव सापडला म्हणून कुठल्या आजीला आनंद झाला नाही. एकही जीव न सापडता तर तिला बरंच वाटलं असतं. दयेची ही साधी परीक्षा मला पटते. दया करायची वेळच आली नसती, तर आपल्याला चाललं असतं का? आजोबांना नसतं चाललं. रिकाम्या तळ्यावरून ते हिरमुसून परततात.

मैत्रिणींनो, इथवर मान हलवत आला असाल तर पुढचंही ऐका. पर्वाच्या दिवसांत, कुणाच्या पुण्यतिथीला, बाजारातून पिंजऱ्यातले पक्षी विकत आणून सोडायची रीत आपल्यातही आहे. आकाशात फडफड झाली की टाळ्या पडतात, मुलांना उचलून दाखवतात. पण तो पारधी आदल्या दिवशी जाळं कुणासाठी लावतो? आपल्यासाठीच ना! आपली दया ठरावीक तिथीला गिऱ्हाईक म्हणून उभी राहणार, हे त्याला पक्कं ठाऊक. पकडताना किती पंख मोडले, पिंजऱ्यात किती मेले, ते आपल्या हिशेबात येतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पोपट, मुनिया असे पक्षी पकडणं-विकणं गुन्हा आहे, तरी हे चालतं. आजोबा निदान स्वतःच्या हाताने धरतात. आपण धरण्याचं काम दुसऱ्याला देतो आणि सोडण्याचं पुण्य तेवढं घरी आणतो.

आजोबांच्या बाजूचं एक सांगितलंच पाहिजे. अमेरिकेत गळ, काठ्या अशा सामानावर कर असतो. १९५० च्या एका कायद्यामुळे तो पैसा मासे आणि तळी सांभाळायला राज्यांना मिळतो. तळ्यात सांडपाणी सोडायचा घाट घातला तर आधी ओरडणार ते हेच गळवाले. त्यांना तळ्याचं पाणी कितीला आलं, कुठली वनस्पती कुजली, सगळं माहीत. आपल्या गावच्या तळ्याचं, नदीचं एवढं आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? पाणी गाळून पिणाऱ्यांनी पाण्याकडे पाठ फिरवावी, हे काही बरं नाही.

म्हणून लेकीला मी सांगितलं, "बोटीत जाऊ दे. गळ हातात नको." का, तेही नातीला जवळ घेऊन सांगितलं. मासा मरेल म्हणून नव्हे, कदाचित नाही मरणार. पण त्याची धडपड तुझ्या हाताला आनंदाची वाटेल, आणि एकदा तशी गोडी लागली की ती दुसरी जागा शोधते. पोरगी जरा रुसली. मग जाडजूड कोट घालून गेली. आजोबांनीही समजुतीने घेतलं, तिच्या हातात पाण्याचं तापमान मोजायचं यंत्र दिलं आणि आकडे वहीत लिहायचं काम सोपवलं. मोठी झाल्यावर ती काय करील ते तिचं ती ठरवेल. व्रत कुणी कुणाच्या हातात कोंबायचं नसतं.

मला मात्र एवढं उमगलं की, दयेचा विचार सोडताना करायचा नसून हात पुढे करतानाच करायचा असतो. नोव्हेंबर सरता सरता ते तळं गोठतं. खाली चार अंशांच्या पाण्यात, अंधारात, तो मासा जवळपास न हलता पडून असतो. त्याला कुणी धरलं नाही, म्हणून सोडायचंही कुणाला कारण नाही. त्याचा फोटो नाही, त्याच्यासाठी टाळ्या नाहीत, कुणाच्या पुण्याच्या वहीत त्याची नोंद नाही. अशा जिवाला आहे तसं राहू देणं, ही दया कुणाला दाखवता येत नाही. म्हणूनच ती जमायला कठीण, आणि म्हणूनच बहुधा खरी.