पाहण्यासाठी शस्त्र लावावे काय?

शरीराच्या आत काय दडले आहे हे जाणण्यासाठी त्याच शरीरास शस्त्र लावावे की न लावावे, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. कोणाची वेदना मोठी मानावी, कोणाचा शब्द अखेरचा धरावा आणि फळाची खात्री नसता पाऊल टाकणे कितपत योग्य, असे नीतीचे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांकडे गावातील लोक सल्ला विचारावयास येतात. आणि गावाकडील कित्येक कुटुंबे औषधोपचारासाठी मुंबईस जाऊन चाळीतल्या नातलगांकडे उतरतात. यास्तव हा विषय येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

असे समजा की, वरळीच्या बीडीडी चाळीत एक जोडपे राहत आहे. ह्या चाळी 1920 नंतरच्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. एकट्या वरळीत त्या 121 होत्या. खोली सुमारे 160 चौरस फुटांची आणि शौचालये सर्वांना मिळून. आता तेथे उंच इमारती उभ्या राहत असून ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तथापि भिंतीस भिंत लागून असलेल्या वस्तीत कोणाचे दुःख झाकून राहत नाही, हे तेथे वाढलेल्यांस सांगावयास नको. लग्नास तीन वर्षे झाली तरी पाळणा का हलला नाही, हे सारी चाळ विचारते. परंतु त्याच स्त्रीस दर महिन्याला पाळीच्या वेळी दोन दिवस उभे राहवत नाही, ह्याची विचारपूस कोणी करीत नाही. "बायकांचे असेच असते" ह्या तीन शब्दांत तो विषय संपतो.

अशा दुखण्याच्या मुळाशी कित्येकदा एंडोमेट्रिओसिस नावाचा रोग असतो. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, गर्भनलिकांवर किंवा पोटाच्या आतील पडद्यावर वाढतो. त्यामुळे तेथे दाह होतो, चट्टे पडतात आणि अवयव एकमेकांस चिकटतात. पाळीचे रक्त नलिकांतून उलटे पोटात जाऊन हा थर तेथे रुजतो, असे मत अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी 1927 मध्ये मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील दहा स्त्रियांमागे सुमारे एकीस हा रोग असतो. रोग असूनही पुष्कळ स्त्रियांस मूल होते. कित्येकींस मात्र त्यामुळे गर्भ राहणे कठीण पडते.

येथे आमचे पहिले म्हणणे असे की, वेदना ही स्वतःच उपचाराचे पुरेसे कारण आहे. चौदा वर्षांची मुलगी पाळीच्या दिवशी कळवळते तेव्हा तिला सोसावयास सांगावयाचे, आणि पुढे मूल होत नाही असे दिसले म्हणजे तिला घाईने दवाखान्यात न्यावयाचे, ह्यात तिच्या देहाची किंमत केवळ पाळण्यावरून ठरविली जाते. स्त्रीच्या नशिबी हे दुःख नेमलेलेच आहे असे जे म्हणतात, त्यांनी आपल्या दाढदुखीस तोच न्याय लावून पाहावा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बीजकोशातील रक्ताची गाठ किंवा खोल गेलेला रोग सोनोग्राफीत अथवा एमआरआय तपासणीत बहुधा दिसतो. परंतु वरवरचे बारीक चट्टे त्यांत सापडत नाहीत. ते पाहण्यास पोटास लहान छिद्रे पाडून दुर्बीण आत घालावी लागते. ही दुर्बिणीची तपासणी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी 1972 मध्ये सुरू केली. पूर्वी रोगाचा निश्चय होण्यास दुर्बीण आवश्यकच समजत. 2022 मध्ये युरोपातील प्रजननशास्त्रज्ञांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शनात हा आग्रह सोडला. इतर तपासण्यांत काही सापडत नसेल, किंवा औषधांचा उपाय चालला नसेल अगर योग्य नसेल, अशाच वेळी दुर्बिणीचा विचार करावा, असे तिचे सांगणे आहे.

परंतु मूल हवे असलेल्या स्त्रीची अडचण नेमकी येथेच आहे. ह्या रोगावर दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या घेत असता बहुधा गर्भ राहत नाही. म्हणजे वेदना शमवावी तर मुलाची वाट थांबते; वाट चालू ठेवावी तर वेदना सोसावी लागते. अशा पेचात, "एकदा आत पाहूनच घ्या" हा सल्ला सोपा वाटतो.

तो कितपत फलदायी आहे? 1997 मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मूल होत नसलेल्या व सौम्य रोग आढळलेल्या 341 स्त्रियांपैकी 172 जणींचे चट्टे दुर्बिणीतून काढून टाकले. 169 जणींत केवळ पाहून दुर्बीण मागे घेतली. पुढे 36 आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवले. पहिल्या गटात 50 जणींस व दुसऱ्यात 29 जणींस गर्भ राहून तो वीस आठवड्यांपलीकडे टिकला. लाभ झाला हे उघड आहे. पण चट्टे काढूनही 122 जणींची आशा त्या अवधीत पुरी झाली नाही, आणि काही न काढताही 29 जणींची झाली, हेही तितकेच खरे. 1999 मध्ये इटलीत झालेल्या लहानशा प्रयोगात तर असा लाभ दिसलाच नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. भूल द्यावी लागते. आतडे, मूत्राशय किंवा रक्तवाहिनी यांस इजा होण्यासारखा गंभीर प्रसंग केवळ तपासणीच्या वेळी हजारांत सुमारे दोघींवर येतो. बीजकोशातील गाठ काढताना निरोगी बीजेही काही अंशी नष्ट होतात. ज्या स्त्रीचे वय वाढले आहे तिच्यासाठी ही हानी लहान नव्हे.

शिवाय शस्त्रक्रियेवाचून दुसरी वाटही आहे. वरळीपासून जवळच परळ येथे, 1926 मध्ये सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात, 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नाने शरीराबाहेर गर्भधारणा करून झालेली एक मुलगी जन्मली. हा उपाय करण्यापूर्वी पोटातील प्रत्येक चट्टा पाहून घेणे आवश्यक नसते. मात्र तोही खर्चाचा आहे, आणि यशाची हमी त्यातही नाही.

मग निर्णय कशावरून करावा? आमच्या मते कसोटी एकच आहे: जे दिसेल त्यामुळे पुढचे पाऊल बदलणार आहे काय? बदलणार असेल तर पाहणे रास्त आहे. केवळ चाळीच्या तोंडाला उत्तर हवे म्हणून पाहावयाचे असेल तर नाही. म्हणून आधी विचारावे: पतीची तपासणी झाली काय? सोनोग्राफी जाणत्या हाताने झाली काय? आपल्या देशात गर्भनलिकांचा क्षयही मूल न होण्यास कारण होतो, त्याचा शोध घेतला काय? रोग सापडल्यास तो त्याच वेळी काढणार काय, आणि काहीच न सापडल्यास पुढे काय करणार? जेथे पतीने स्वतःची साधी तपासणी टाळून पत्नीस शस्त्राखाली पाठविले, तेथे अन्याय झाला असेच आम्ही म्हणू.

कोणी म्हणेल की, पैसा घरचा, नातवंडाची आशा सर्वांची, तर निर्णयही सर्वांनी मिळून करावा. सल्ला सर्वांनी द्यावा, खर्चास हात सर्वांनी लावावा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु भुलेच्या टेबलावर सारे घर निजत नाही. एकटी सूनच निजते. शेवटचा होकार किंवा नकार तिचाच असला पाहिजे, आणि तो देण्यापूर्वी तिला सर्व गोष्टी तिच्या भाषेत समजल्या पाहिजेत. तिने नको म्हटले तर तिला मुलाची ओढ नाही असा अर्थ काढू नये. हो म्हटले तर ती उतावीळ झाली असेही म्हणू नये.

आणखी एक गोष्ट. शेतकरी चांगले बी निवडतो, वेळेवर पेरतो आणि तरीही पाऊस दगा देतो. म्हणून पेरणी चुकली असे कोणी शहाणा म्हणत नाही. त्याचप्रमाणे नीट विचारून, तोलून, मोकळ्या मनाने केलेला निर्णय पुढे मूल झाले नाही एवढ्यावरून चुकीचा ठरत नाही. हे त्या जोडप्यास आधीच सांगून ठेवणे, आणि पुढे काहीही झाले तरी त्यांच्या दारी पूर्वीसारखेच जात राहणे, हे सल्ला देणाराचे कर्तव्य होय.