माका कोण इचारता?

१५ ऑगस्ट २०२१ हा दिवस माझ्या लक्षात राहिलाय तो दोन प्रवासांमुळे. त्या दिवशी अमेरिकेतल्या मायामी बंदरातून ‘नॉर्वेजियन जेम’ ही क्रूझ बोट जवळजवळ दीड वर्षानं प्रवासी घेऊन निघाली. प्रवासी असो की कर्मचारी, लसीकरण पूर्ण झालेलं असल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवायचं नाही, अशी अट होती. आणि त्याच दिवसापासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी पुन्हा सुरू झाली. तिथंही अट तीच. दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले हवेत.

बोटीवरच्या अटीच्या बाजूनं मी तेव्हा होते, आजही आहे. लोकलच्या अटीबद्दल मात्र काहीतरी खुपत होतं. आता दोन्हीकडे आजार एकच, लस एकच, कागदही तोच. मग एक अट बरोबर आणि दुसरी चूक असं म्हणणं म्हणजे निव्वळ आपल्या सोयीचं तत्त्वज्ञान तर नाही? या प्रश्नानं मला बरेच दिवस सोडलं नाही.

माझा आतेभाऊ बोटीवर असतो. वेंगुर्ल्यात कुणी ‘बोटीवर असतो’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. सिंधुदुर्गातली, गोव्यातली कितीतरी मुलं क्रूझवरच्या स्वयंपाकघरांत, बारमध्ये, हाउसकीपिंगमध्ये आहेत. दादा केबिन आवरतो. चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, टॉवेलचे हत्ती करून पलंगावर ठेवायचे. एकेक करार कित्येक महिन्यांचा. प्रवाशांना समुद्र दिसणारी बाल्कनी, दादाला खालच्या डेकवर बिनखिडकीची खोली, तीही दुसऱ्या एकाबरोबर वाटून घेतलेली.

फेब्रुवारी २०२०मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ ही बोट जपानच्या योकोहामा बंदरात अडकली, ते तुम्हाला आठवत असेल. बोटीवर ३,७११ माणसं होती. त्यातल्या ७१२ जणांना कोविड झाला. बातम्यांत आपण पाहिले ते बाल्कनीतून हात हलवणारे प्रवासी. त्यांना आपापल्या खोलीत थांबायला सांगितलं होतं. पण त्यांच्या दारापर्यंत जेवण कोण पोहोचवत होतं? हजारावर कर्मचारी होते, ते क्वारंटाइनमध्येही काम करत होते, एकत्र जेवत होते आणि रात्री दोघं-दोघं एकेका खोलीत झोपत होते. त्या बोटीवर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. म्हणजे आपली बहुतेक सगळी माणसं बाल्कनीत नव्हतीच, ट्रे घेऊन कॉरिडॉरमध्ये होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या. प्रवासी विमानांनी घरी गेले. कर्मचारी मात्र महिनोन्‌महिने समुद्रातच राहिले, कारण त्यांना उतरवून घ्यायला बंदरं तयार नव्हती. दादा घरी पोहोचला तो जुलैत. आत्या म्हणते, तो आला तेव्हा पहिले दोन दिवस फक्त अंगणात बसून होता.

२०२१च्या उन्हाळ्यात बोटी पुन्हा सुरू करायची वेळ आली, तेव्हा फ्लोरिडात मोठा वाद पेटला. तिथले गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी मे महिन्यात एका कायद्यावर सही केली. कुठल्याही व्यवसायानं ग्राहकाकडं लसीचा पुरावा मागायचा नाही. मागितला तर प्रत्येक वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड. नॉर्वेजियन कंपनी या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली. ८ ऑगस्टला कोर्टानं कंपनीपुरती कायद्याला तात्पुरती स्थगिती दिली आणि आठवड्यानं ‘जेम’ सुटली.

या वादात दोन्ही बाजूंना तत्त्वं होती. कायद्याची बाजू म्हणत होती, माझ्या शरीरात काय टोचून घ्यायचं हा माझा प्रश्न आहे. माझा वैद्यकीय इतिहास दुकानदारानं, हॉटेलवाल्यानं, बोटवाल्यानं का मागावा? कंपनी म्हणत होती, बोट आमची आहे, ती सुरक्षित ठेवण्याचा हक्क आमचा. ज्याला अट नको त्यानं येऊ नये.

पहिली बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपलं आरोग्य सरकारला, कंपनीला, ॲपला दाखवत फिरावं लागणं ही काही चांगली सवय नव्हे. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९मध्ये ‘ऑन लिबर्टी’त एक कसोटी दिली: माणसावर सक्ती करायची ती दुसऱ्याला होणारं नुकसान टाळण्यासाठीच, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही. स्वातंत्र्याची बाजू मांडणारे बहुतेक लोक या कसोटीचा आधार घेतात. पण तिच्यातच पुढचा प्रश्न दडलेला आहे. हा ‘दुसरा’ कोण?

फ्लोरिडाच्या वादात दुसरा म्हणजे शेजारच्या केबिनमधला प्रवासी, असंच सगळे धरून चालले होते. आणि तो तर राजीखुशीनं आलेला. त्याला भीती वाटत असेल तर त्यानं घरी बसावं, हे उत्तर तयार होतं. पण बोटीवरचा खरा दुसरा तो नाहीच. खरा दुसरा म्हणजे रोज सकाळी ‘हाउसकीपिंग’ म्हणत दारावर टकटक करणारा माणूस. त्या कायद्यात संरक्षण होतं ते ग्राहकांना. कर्मचाऱ्याला लस घ्यायची आहे की नाही, हा प्रश्न त्यात कुठं नव्हताच. दादाला कंपनीच्या एजंटनं फोनवर सांगितलं, लस घेतल्याशिवाय जॉइनिंग नाही, आणि कोवॅक्सीन चालणार नाही, कारण ती अजून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही. (ती यादीत आली नोव्हेंबरमध्ये.) दादानं कोविशील्ड घेतली. तेव्हा मी त्याला मोठ्या उत्साहानं विचारलं होतं, “दादा, या सगळ्या वादात तुझं मत काय रे?”

तो हसला. म्हणाला, “माका कोण इचारता गो?”

मला कोण विचारतंय! त्याच्यासाठी तो विनोद होता, पण माझा प्रश्न तिथून सुटायला लागला.

क्रूझवरची अट मला योग्य वाटते, त्यामागं तीन गोष्टी आहेत. एक, क्रूझवर गेल्यावाचून कुणाचं अडत नाही. अट नको असेल तर माणूस डोंगरात जाईल, घरी बसेल. त्याची चूल विझत नाही. हिरमोड होतो, आणि तो खराही असतो. बारा वर्षांखालच्या मुलांना तेव्हा लसच उपलब्ध नव्हती, त्यामुळं काही कुटुंबांना ‘जेम’सारख्या बोटीवर जाताच आलं नाही. पण तो हिरमोडच.

दुसरी गोष्ट, बोटीवरून उतरता येत नाही. मार्च २०२०मध्ये ‘झानडॅम’ या बोटीवर आजार पसरला तेव्हा एकामागून एक बंदरांनी तिला नाकारलं. अखेर २ एप्रिलला फ्लोरिडात जागा मिळाली, तोवर चार प्रवासी दगावले होते. बोटीवर दवाखाना असतो, मोठं रुग्णालय नसतं. जमिनीवर जो आजार रिक्षानं दवाखान्यात जाऊन निभावतो, त्यासाठी समुद्रात काही तास, काही दिवस काढावे लागतात.

आणि तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या अटीचा प्रश्न, निदान एकदा, वरच्या डेकवरच्या माणसाला विचारला गेला. पैसे मोजून आलेल्याला सांगितलं गेलं की तुझी चादर बदलणाऱ्या माणसाचाही जीव आहे, तेव्हा बाबा रे, आधी कागद दाखव. कंपनीनं हे दादाच्या प्रेमापोटी केलं असं मी म्हणत नाही. बोट पुन्हा बंद पडली तर नुकसान तिचंच होतं. पण हेतू काहीही असो, अटीचा भार ज्याला झेपणारा होता त्याच्यावर पडला आणि फायदा ज्याला नकार द्यायची सोय नव्हती त्यालाही मिळाला.

आता मुंबईत या.

आम्ही मुलुंडला राहतो. आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दिव्याहून येतात. लोकलनं चार स्टेशनं. लोकल बंद असताना त्या शेअर रिक्षानं शीळफाट्याला यायच्या, तिथून बसनं ठाणे, मग दुसरी बस. जाऊन-येऊन चार तास आणि महिन्याच्या पासापेक्षा कितीतरी जास्त पैसे. पंचेचाळीसच्या पुढच्या असल्यामुळं त्यांना एप्रिलपासून लस घेता आली असती. पण एप्रिल-मेमध्ये केंद्रांवर लसच नसायची, पहाटे रांग लावून परत यावं लागायचं. आणि ताप आला तर? दोन दिवस चार घरची कामं बुडणार, पगार कापला जाणार. पहिला डोस त्यांना जुलैच्या मध्यावर मिळाला. दुसऱ्यासाठी ८४ दिवस थांबायचं, पुढं आणखी चौदा दिवस. म्हणजे लोकल ऑक्टोबर संपता संपता.

दादानंही हीच लस घेतली होती, पण त्याला दुसरा डोस २८ दिवसांनी मिळाला. कारण जूनमध्ये सरकारनं परदेशी शिकायला, नोकरीला जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिंपिकच्या पथकाला तशी सवलत दिली होती. मायामीला कामावर जाणाऱ्यासाठी अंतर २८ दिवसांचं, मुलुंडला कामावर जाणारीसाठी ८४ दिवसांचं. सवलतीमागं कारण होतं, ते मला कळतं. दादाची नोकरी त्यावरच टिकली. पण मावशींचीही नोकरीच होती ना?

लोकल आणि क्रूझ यांतला फरक इथं आहे. लोकल ही चैन नाही, पोट भरण्याची वाट आहे. ‘अट नको तर येऊ नका’ हे वाक्य बोटीच्या दारात ठीक आहे, दिवा स्टेशनच्या तिकीट खिडकीवर ते क्रूर होतं. आणि जी अट पुरी करायची माणसाची तयारी आहे, पण यंत्रणाच त्याला ती वेळेत पुरी करू देत नाही, ती सुरक्षेची अट उरत नाही. ती शिक्षा होते.

इथवर मी सरकारला नावं ठेवली. पण खरी गोष्ट याच्यापुढं आहे.

जुलैत आमच्या सोसायटीनं गेटवर सूचना लावली: घरकामासाठी येणाऱ्या सर्वांनी लसीचं प्रमाणपत्र दाखवावं. मला ते शहाणपणाचं वाटलं. मीच मावशींना मोबाइलवरून प्रमाणपत्र डाउनलोड करून दिलं, प्रिंट काढून दिली, वर स्वतःवर खूश झाले. रहिवाशांचं प्रमाणपत्र कुणीच मागत नव्हतं. मी स्वतः जूनच्या शेवटी खासगी रुग्णालयात ७८० रुपये देऊन पहिला डोस घेतला होता. म्हणजे १५ ऑगस्टला माझाही एकच डोस झालेला होता, मावशींचाही एकच. पण माझं ऑफिस लॅपटॉपमध्ये होतं, मला लोकल लागत नव्हती. आणि लिफ्टमधून उतरताना वॉचमन मला सलाम करत होता.

दादाच्या बोटीवर प्रवाशाला विचारलं गेलं, आमच्या सोसायटीत फक्त हाउसकीपिंगला. आमच्या घरात विषाणू मावशी आणतील ही भीती सगळ्यांना होती. चार घरं फिरणाऱ्या मावशींना तो आमच्यापैकी कुणाकडून मिळेल, ही भीती सूचनाफलकावर नव्हती. मिलची कसोटी आम्ही वापरली खरी, पण त्यातले ‘दुसरे’ म्हणजे आम्हीच, असं परस्पर ठरवून.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. लस घेतलेल्यांनाही नंतर संसर्ग झालाच की! २०२१च्या डिसेंबरात ओमिक्रॉन आला, तेव्हा जवळजवळ सगळे लसवंत असलेल्या बोटींवरही साथ पसरली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं तर लस घेतलेल्यांनीही क्रूझ टाळावी असं सांगितलं. मग अटीत राहिलं काय? राहिलं एवढंच की लसीमुळं आजार गंभीर होण्याचा धोका बराच कमी होत होता, आणि रुग्णालयापासून दूर असलेल्या बोटीवर ते लहान नव्हे. पण ‘दुसऱ्याला वाचवण्यासाठी’ हा आधार दुबळा झाला हे मान्य करायलाच हवं. आधार बदलला की अटही बदलायला हवी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ला साधारण हेच सांगितलं. लस घेण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात हवेत, आणि संसर्ग कमी असताना लस न घेतलेल्यांना अडवणं प्रमाणात बसत नाही. महाराष्ट्रातले निर्बंध त्याआधीच, गुढीपाडव्याला उठले होते. नॉर्वेजियननं स्वतःची अट त्या ऑक्टोबरात काढून टाकली. गंमत म्हणजे त्याच महिन्यात अमेरिकेतल्या वरच्या कोर्टानं आधीची स्थगिती चुकीची ठरवली.

आता हे सगळं जुनं झालंय. पण पुढची साथ येईल तेव्हा गेटवर पुन्हा कागद मागितला जाईल. त्या वेळी अट हवी की नको एवढंच विचारून भागणार नाही. ही अट पुरी करणं कुणाला सोपं आहे? पुरी झाली नाही तर कुणाची फक्त सहल बुडते आणि कुणाची रोजी? ती कधी उठणार? आणि ती मागणाऱ्यानं आपला कागद आधी दाखवलाय का?

मध्यंतरी मी मावशींना विचारलं, त्या वेळी सोसायटीचा, आमचा राग आला होता का. त्या पोळ्या लाटत होत्या.

“राग कसला ताई,” त्या म्हणाल्या. “पण तुमची तरी दुसरी सुई कुठं झाली होती तेव्हा?”

त्यांना माहीत होतं. रोज गेटवर कागद दाखवून वर येताना त्यांना ते माहीत होतं.