चित्र टांगायचे कुठे?

बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या व्हीआर मॉलमध्ये 'व्हाइटफील्ड आर्ट कलेक्टिव्ह' नावाने कला-महोत्सव भरत आला आहे. कलावंतांना जागा मिळते, खरेदीला आलेल्यांच्या नजरेला चार चांगल्या गोष्टी पडतात. यात वाईट काय? काहीच नाही. पण चित्र कुठे टांगले यावर ते पाहणाऱ्याचा सौंदर्यनिर्णय बदलतो का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि माझे उत्तर 'बदलतो' असे आहे. कांटने १७९० साली एक पचायला जड गोष्ट मांडली. अमुक पदार्थ मला आवडतो असे म्हणताना मी फक्त माझ्याबद्दल बोलतो. तुम्हाला तो नाही आवडला तर वाद तिथेच मिटतो. अमुक गोष्ट सुंदर आहे असे म्हणताना मात्र मी तुमच्या संमतीवरही हक्क सांगतो, तोही हाती काही पुरावा नसताना. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे हा विचार मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. मला त्यापुढचे विचारायचे आहे: ही संमती मागायची कुणाकडे? माझ्याच पगाराच्या, माझ्याच राहणीच्या माणसांनी माना डोलावल्या तर ती एका कंपूची आवड झाली. सौंदर्याचा दावा पारखायला माझ्यासारखी नसलेली माणसे लागतात.

या प्रश्नासाठी व्हाइटफील्ड नमुन्याचे गाव आहे. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजा चामराजेंद्र वडियारांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने शेतीवर जगणारी वसाहत वसली. त्या आखणीची खूण म्हणून 'इनर सर्कल' हे नाव अजून टिकून आहे. नव्वदच्या दशकात आयटीपीएल हे आयटी कंपन्यांचे संकुल आले आणि गावाचा नूरच पालटला. आता इथला स्थानिक कलावंत कोण? नल्लूरहळ्ळीच्या जुन्या शेतकऱ्याची मुलगी, इनर सर्कलचा अँग्लो-इंडियन म्हातारा, काडुगोडीच्या वृंदावन आश्रमापायी येऊन राहिलेला साईभक्त, की आठवडाभर कोड लिहून रविवारी जलरंग काढणारा पुण्याचा इंजिनिअर? जन्मदाखला मागितला तर हाती फक्त भांडण लागेल. माझ्या मते ज्याच्या चित्राला शेजारपाजारचे नाके मुरडू शकतात, तो स्थानिक. मॉलच्या दारात कुणी कुणाला अडवत नाही हे खरे, पण ज्याला तिथे काही घ्यायचे नाही तो पायरीच चढत नाही. शिवाय शेजारच्या काचेआडच्या किमती पाहत आलेली नजर चित्राचाही भाव करू लागते.

यावर एक भक्कम आक्षेप येईल, आणि तो आपल्याच परंपरेतून. अभिनवगुप्ताने रसास्वादाची विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे हे एक आहे. होप फार्मच्या सिग्नलला अडकून घड्याळ पाहणाऱ्या माणसाहून बुडालेला दुसरा कोण? त्याच्यापुढे चित्र ठेवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण अभिनवगुप्त अशा प्रेक्षकाला दारातून परत पाठवत नाही. गीत, वाद्ये, सजवलेला मंडप हे सगळे त्याला स्वतःच्या विवंचनेतून बाहेर काढण्यासाठीच असते, असे तो म्हणतो. मन गुंतलेला माणूस त्याने गृहीतच धरला आहे. बेंगळुरूचाच दाखला घ्या. २०१५ मध्ये बादल नंजुंडस्वामी यांनी सुलतानपाळ्यातल्या पाणी साचलेल्या खड्ड्यात मगर ठेवली, तेव्हा गर्दीच्या रस्त्यावर लोक थांबलेच. त्या मगरीला खड्डा बुजवून घ्यायचा होता, ती निर्हेतुक नव्हती, हे मान्य. पण रस्त्यावर नजर थांबतच नाही, हा समज तिने खोटा ठरवला.

दुसरा आक्षेप दर्जाचा: रस्त्यावर कुणीही काहीही टांगेल. टांगू द्या. कर्नाटक चित्रकला परिषदेच्या चित्रसंतेत, म्हणजे चित्रांच्या बाजारात, कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद होतो, सरस आणि सुमार चित्रे शेजारी शेजारी लागतात, आणि तुलना करायला तेच बरे पडते. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रे मांडलेली असतात. आतली पाहून आलेला माणूस बाहेरही रेंगाळतो. मला खरी भीती वाटते ती सरकारी भिंतीची. तिच्यावर चित्र चढते ते काहीतरी काम करायला: पुढाऱ्याचा वाढदिवस, स्वच्छतेची घोषणा, नाहीतर कुणी लघवी करू नये म्हणून ओळीने लावलेल्या देवांच्या टाइल्स. (देवांना हे काम कुणी दिले, हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे.) मॉलमध्ये चित्र विकायला मदत करते, इथे वागणूक सुधारायला, दोन्हीकडे ते नोकरीलाच.

मार्च २०२३ मध्ये जांभळ्या मार्गिकेची मेट्रो व्हाइटफील्डला, म्हणजे काडुगोडीला पोचली. सफाई कामगार, सुरक्षारक्षक, आयटीतली पोरे हे सगळे एकाच जिन्याने चढतात-उतरतात अशा इथल्या थोड्या जागांपैकी ते स्थानक एक. बेंगळुरूच्याच पीण्या मेट्रो स्थानकावर सृष्टी या कलाशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मेट्रोच्या सहकार्याने काम केले आहे, तेव्हा नवे काही मागायचे नाही. व्हाइटफील्डच्या रहिवाशांनी मेट्रो महामंडळाकडे तिकीट-फाटकाच्या अलीकडची एक भिंत मागावी. दर महिन्याला चित्रे बदलावीत, खाली किंमत लिहू नये, उपदेश तर मुळीच नको. चित्रकाराचे आणि त्याच्या वस्तीचे नाव कन्नडमध्ये लिहिले की पुरे.